पॅनेल, म्हैस आणि जमादार सर

आमच्या शाळेत भिंतीवर भलंमोठं टच पॅनेल बसलं, त्याला आता दोन वर्षं होतील. मुलं त्यावर काय शिकली ते बघायला वरून माणसं येतात आणि तक्ते भरून घेऊन जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते आमच्याच स्टाफरूममध्ये पडून राहतात आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की एकेक बाहेर निघतो.

आम्ही तिघंच. हेडमास्तर चौगुले सर, गणिताचे जमादार सर आणि मराठी शिकवणारी मी, कांबळे मॅडम. गाव हातकणंगले आणि जयसिंगपूरच्या मधलं.

*

पॅनेल बसलं त्या दिवशी चौगुले सरांनी नारळ फोडला, हार घातला आणि हळदीकुंकवाचं बोट स्क्रीनवर टेकवलं. आता टचस्क्रीनच ते! हळदीच्या बोटाला सेटिंग उघडलं, कुंकवाच्या बोटाला आणखी काहीतरी उघडलं, सर पुसायला गेले आणि अख्खं पॅनेल चिनी भाषेत गेलं. सर हात जोडून मागे सरकले.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सोमवारी येतो." सोमवारी तो आला तर पॅनेल मराठीत चालू! पाचवीतल्या सानिकानं शनिवारीच करून टाकलं होतं.

सरांनी विचारलं, "अगं, तुला चिनी कधीपासून वाचता यायला लागलं?"

"वाचतंय कोण सर? मोबाईलात कुठली खूण कुठं असती ते ठावं हाय की. तीच हुडकली!"

कंपनीच्या माणसाला चहा पाजून आम्ही परत पाठवलं.

*

जमादार सर फळ्यावर हातानं वर्तुळ काढतात. कंपास नाही, दोरी नाही, एकदा खांदा फिरला की झालं वर्तुळ. पाहुण्यांना दाखवायची आमच्या शाळेतली ती एकमेव वस्तू.

पहिल्या दिवशी सरांनी पॅनेलवर वर्तुळ काढलं. बोट उचललं आणि रेघ जराशी हलली. पॅनेलमध्ये आकार आपोआप नीट करायची सोय होती, ती चालू राहिली होती.

सर दोन पावलं मागे आले. "हे माझं वर्तुळ दुरुस्त करतंय?"

मी म्हटलं, "सर, ती सोय बंद करता येते."

"न्हाय न्हाय, असू दे चालू."

सरांनी पुसलं, परत काढलं. रेघ परत हलली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सातवीचा वर्ग श्वास रोखून बघत होता. बहुतेक नवव्या वेळी बोट उचललं आणि रेघ जिथल्या तिथे राहिली. पोरांनी बाकं वाजवून वर्ग डोक्यावर घेतला.

सर हात झटकत म्हणाले, "शिकलं बघा ते!"

*

मग एक पत्र आलं. आमच्यासकट तीन लहान शाळांत सातवीचं गणित एकत्र, पडद्यावरून शिकवायचं. त्यासाठी कंपनीचे तयार धडे लावायचे, नाहीतर जमादार सरांचे व्हिडिओ. कोणते ठेवायचे ते विस्तार अधिकारी येऊन बघून ठरवणार. कंपनीचे ठरले तर सरांचा गणिताचा तास बंद, आणि तिन्ही शाळांची ऑनलाइन माहिती भरायचं काम त्यांच्या गळ्यात!

एकतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस हो! मला इतका राग आला की त्या दिवशी मी विनाकारण सहावीला दोन धडे जास्त लिहायला दिले. सरांनी मात्र डबा तसाच झाकून ठेवला आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, "मॅडम, त्ये ओटीपी असतंय न्हवं, त्ये किती वेळात घालायचं असतंय ओ?"

मला रडूच यायचं बाकी होतं.

*

पण किस्से काही थांबत नाहीत.

मी सहावीला 'आमची म्हैस' हा निबंध दिला. रोहित नावाच्या मुलानं तो फोनमधल्या एआयकडून लिहून घेतला. अक्षर मोत्यासारखं, आणि म्हैस 'ग्रामीण अर्थव्यवस्थेचा अविभाज्य घटक'! शेवटी तर त्यानं हेही सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं: 'यात काही बदल हवे असल्यास जरूर कळवा.'

मी लाल पेनानं लिहिलं, 'हवेत. ही तुमची म्हैस वाटत नाही.'

दुसऱ्या दिवशी पोरगं तणतणत आलं. "मॅडम, तुमचा शेरा फोनला सांगितला, तर त्यो उलटा मलाच इचारतोय! म्हशीचं नाव काय, मारती काय, दूध काढताना कुणाचं ऐकती. समदं मीच सांगायचं तर त्यो कशाला पायजे?"

"मग काय केलंस?"

"मीच लिवलं की!"

दीड पान होतं. म्हैस आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही, म्हणून बाबा आईची साडी गुंडाळून धारेला बसतात, इथपर्यंत सगळं! पालकसभेत त्याचे बाबा समोर आले की मी अजून खाली बघते.

*

सुट्टीत गणिताचा अभ्यास ग्रुपवर पाठवायचा असतो. एकदा जमादार सर चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे आले. "मॅडम, हे बघा. वह्या सात, अक्षरं सात, अंगठा एकच!"

खरंच, प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वही धरलेला तोच अंगठा, पिठानं पांढरा झालेला. पत्ता लागायला वेळ लागला नाही. गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या शबानाभाभी. पोरांच्या घरचे फोन दिवसभर बापाबरोबर कामावर जातात, म्हणून सगळी पोरं वह्या घेऊन गिरणीत यायची आणि भाभी फोटो काढून पाठवायच्या.

सर स्वतः आभार मानायला गेले. बोलता बोलता म्हणाले, "तेवढं संजनाचं चौथं गणित आलं न्हाय."

भाभी गिरणी बंद करून म्हणाल्या, "त्ये मी पाठवलंच न्हाय सर. चुकलंय की त्ये! परत करून आण म्हटलंय."

*

अधिकारी यायच्या आधी सरांचे व्हिडिओ करायचे होते. रविवारी रिकाम्या वर्गात सर फळ्यापाशी आणि मी मोबाईल धरून समोर. पाच मिनिटं झाली नाहीत तोच सर एकदम ओरडले, "ए, मागं काय चाललंय? फुडं बघा!"

मी दचकून मागे बघितलं. रिकामी बाकं!

ते मी कापलं नाही. शेजारच्या शाळेत तो व्हिडिओ लावला, तर तिथल्या बाईंचा फोन आला, "अहो, आमच्या मागच्या बाकावरच्यांनी चिंचा खाली ठेवल्या! सरांना कसं कळलं?"

खरी पंचाईत पुढची. सरांची एक सवय आहे. गणित घातलं की ते गप्प उभे राहतात. वर्ग सोडवेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. व्हिडिओतही तसेच उभे! एक मिनिट, दोन मिनिटं.

मी म्हटलं, "सर, बोला की!"

"पोरं करायल्यात न्हवं?"

"पोरं कुठं आहेत सर इथं?"

"जिथं आसतील तिथं करायल्यात. त्यास्नी येळ नको?"

कंपनीच्या धड्यात एक ससा होता. तो प्रश्न विचारायचा आणि टाळी वाजवून लगेच उत्तरही सांगून टाकायचा. चौगुले सर काकुळतीला आले. "जमादार, साहेबांना तुम्ही नुसते उभे दिसलात तर तास गेला म्हणून समजा. तेवढं कापा."

सर म्हणाले, "बाकीचं काय पण कापा."

*

साहेब आले. सातवीच्या वर्गात पहिल्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. आधी ससा बघितला, मान डोलावली, फॉर्मवर भराभर खुणा केल्या. मग मी सरांचा व्हिडिओ लावला. जमादार सर स्वतः बाहेर व्हरांड्यात, वर्गाकडे पाठ करून उभे होते.

पडद्यावरचे सर म्हणाले, "शंभर मीटरचा सरळ बांध हाय. दर पाच मीटरला एक नारळ लावायचा. दोन्ही टोकांनाबी नारळ पायजे. रोपं किती आणायची?"

आणि गप्प.

वर्गातल्या माना खाली गेल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चौगुले सर माफी मागायच्या बेतात पुढे झाले.

"अडकलाय का व्हिडिओ?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "सर थांबलेत."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. सर हातात खडू घेऊन त्यांच्याकडेच बघत होते. अर्धं मिनिट गेलं. साहेब खुर्चीत सावरून बसले. शेजारच्या मुलीची जादाची पेन्सिल उचलली, फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं.

पडद्यावरचे सर अजून थांबलेले. मग घसा खाकरून म्हणाले, "झालं? निम्म्या जणांनी वीस लिवलं आसंल. खोडा."

साहेब कागदाकडे बघत राहिले. मग त्या मुलीकडे वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाळ, खोडरबर आहे का?"