जावेचा रिपोर्ट

माझ्या धाकट्या जावेचं सगळं पहिल्या फटक्यात होतं. ड्रायव्हिंग लायसन्स पहिल्या फटक्यात, अबुधाबीतली बँकेची नोकरीही पहिल्या फटक्यात. मला लायसन्स अजून मिळायचंय.

टर्म इन्शुरन्सचं तिनेच सुचवलं, पण गरज माझी होती. बायपासनंतर नवऱ्याला कुठलीच कंपनी विमा देईना, आणि इथे आखातात, अल नहदा वस्तीतलं आमचं घर चालतं माझ्या जेवणाच्या डब्यांवर. मला काही झालं तर मुलीचं कॉलेज खलास.

तपासणी दोघींची एकदमच झाली. वजनकाट्यावर ती उभी राहिली तेव्हा नर्स कौतुकाने हसली. माझा आकडा तिने मुकाट्याने लिहिला. माझा जळफळाट झाला, उगाच कशाला लपवू? तंबाखू घेता का, या प्रश्नाला दोघींनी ठणकावून नाही म्हटलं.

तिची पॉलिसी आठवड्यात मंजूर. मला एजंटचा फोन आला, "मॅडम, आपके टेस्ट में निकोटीन आया है. अ‍ॅप्लिकेशन रिजेक्ट. एक साल तंबाकू बंद, फिर देखेंगे."

नवरा बघतच राहिला. मुलगी म्हणाली, "ममा, यू स्मोक?"

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोघींच्या नमुन्यांची अदलाबदल झालीय, दुसरं काय! म्हणजे सिगारेट ओढते कोण, तर बँकेतली बाई. मी लगेच गावी सासूबाईंना फोन लावला.

शनिवारी जाऊ दारात हजर. भांडणार म्हणून मी ओढणी खोचूनच होते. ती सरळ बाथरूममध्ये गेली आणि बेसिनवरची माझी मिश्रीची डबी घेऊन आली.

"ताई, हे काय आहे?"

"दात घासायची मिश्री. तंबाखू थोडाच आहे?"

म्हटलं खरं, आणि तवा आठवला. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर मीच भाजते. पण भाजल्यावर त्याला तंबाखू म्हणायचं आमच्या गावात कुणाला सुचलं नव्हतं.

"मीपण लावायचे," जाऊ म्हणाली. "दिवस गेले तेव्हा सोडली."

म्हणजे यातही ती पुढेच!

"वर्षभराने परत टेस्ट देऊ, इन्शाल्ला. पण सोपं नाही हं, ताई. सोडताना मी आठवडाभर रडत होते."

मी तिच्या हातून डबी घेतली आणि तिच्यादेखत कचऱ्यात रिकामी केली. डोकं तिथेच ठणकायला लागलं. पण ती रडली होती म्हटल्यावर मी रडणं शक्यच नव्हतं.