कोर्टात नेसायची साडी

"तू वकील कशाला होतेस? तू ती ऊसतोड बाई हो. तुला सोंग आणावं लागणार नाही."

सर हे भर वर्गात बोलले. वर्ग हसला. सरही हसले, जणू माझं कौतुकच केलं.

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे खोटा खटला उभा करतात. मुलंच वकील, मुलंच साक्षीदार. विद्यापीठ जुनं, रीतही जुनी. खरे न्यायाधीश बघायला येतात. जो वकील चांगला बोलतो, त्याला नगरमधले बडे वकील हाताखाली घेतात. मला तेवढीच वाट होती. माझा ना काका वकील, ना मामा.

यंदाचा खटला ट्रॉलीवरून पडून कंबर मोडलेल्या ऊसतोड बाईचा. भरपाई कुणी द्यायची, कारखान्याने की मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने? हे भांडण मी लहानपणापासून कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, ऐकलंय. बाजू मांडायची सगळी तयारी माझी होती. वकील केलं एका डॉक्टरांच्या मुलीला. तिने ऊस पाहिलेला तो रसवंतीत.

"घरून कपडे आण," सर मला म्हणाले.

आईवडील तेव्हा संगमनेरकडे उसाच्या फडात तोडीला होते. बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून ऊस तोडतात, पाचटाने हात कापू नयेत म्हणून. मी फोनवर आईकडे तिचा शर्ट मागितला. कोर्टात घालायचाय म्हणाले. एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशवी आली. आत हिरवी साडी. पत्र्याच्या पेटीत तळाला असायची ती, आईची एकुलती चांगली साडी. मी फोन केला.

"फडातलं कापड घालून कुनी कोर्टात जातं व्हय?" आई म्हणाली. "तिथं नीट दिसावं मानसानं. न्हाईतर कोन ऐकून घेतंय आपलं?"

मी तीच साडी नेसून गेले. सरांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्नाला आलीस का? फाटकं पाहिजे. केस विस्कट. दया आली पाहिजे तुझी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. या लोकांना बाई हवी ती पिंजऱ्यात रडायला. तिच्या वतीने बोलणार दुसरंच कुणी. आणि माझ्या आईला वाटत होतं, नीट नेसलं की ऐकून घेतात.

"मी साक्षीदार होणार नाही," मी म्हणाले. "वकील करा, नाहीतर राहू द्या."

"मग राहू दे," सर म्हणाले.

इतकं सोपं होतं त्यांना. दुसऱ्या एकीने फाटका शर्ट घातला, गालाला काजळ फासलं आणि रडली. न्यायाधीशांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांच्या मुलीने बाईसाठी मदत मागितली. हक्क हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. तिला बड्या वकिलांनी बोलावून घेतलं. मी भाग घेतला नाही म्हणून मला खटल्याच्या विषयात नापास केलं. खटला चालला तेव्हा मी मागच्या बाकावर आईची साडी नेसून बसले होते.

मला आशा वगैरे नाही. सनद मिळाली तरी माझ्याकडे कोण येणार? ज्यांच्यासाठी भांडायचं, ते तारखेच्या दिवशी फडात असतात. तारखेला माणूस नाही म्हणून दावे निकालात निघतात. कारखाना जागेवर असतो, मुकादम जागेवर असतो. हे बदलेल असं मला वाटत नाही.

तरी मी तो विषय पुन्हा देणार. आमच्या पाथर्डीच्या कोर्टाबाहेर टेबल टाकणार. कुणी आलं नाही तरी रोज बसणार. आणि कधीतरी एखादी बाई आलीच, तर तिला आधी सांगणार, चांगलं नेसून ये. रडायचं न्हाई.