टॉवरच्या तिरप्या काचा

माझा नवरा, सुपडू मिस्तरी, आमच्या अमळनेर तालुक्यात ओळंब्यासाठी ओळखला जातो. भिंत उभी सरळ आहे का, ते दोरीला वजन लटकवून बघायचं, तो ओळंबा. हा माणूस जेवायला बसला तरी समोरच्या दाराची चौकट डोळ्यांनी तपासतो. माझ्या भावाच्या लग्नात मांडवाचा खांब कललेला दिसला, तर नवरदेवाला ताटकळत ठेवून आधी खांब सरळ केला. मी घमेली वाहते, हे बांधतात, आणि घरी येताना यांचा तोरा मीच ऐकते.

गेल्या वर्षी जळगावकडे विमान चालवायला शिकवतात त्या धावपट्टीवर नव्या टॉवरचं काम मिळालं. जुना टॉवर म्हणजे चार खांबांवरची खोली, खिडक्या घरासारख्या सरळ. नवा उंच, गोल, वर चहूकडून काच. विमानं माझ्या टॉवरला विचारून उतरणार, असं यांनी गावभर सांगून टाकलं.

वरच्या खोलीच्या लोखंडी चौकटी बसवायच्या होत्या. वेल्डिंगवाल्यांनी त्या नुसत्या टेकवून ठेवलेल्या, सगळ्या बाहेर कललेल्या. इंजिनिअर हितेंद्रसाहेब दोंडाईच्याला साखरपुड्याला गेलेले. यांनी ओळंबा सोडला आणि तोंड वाकडं केलं.

"बठ्ठं वाकडं शे. लोके काय म्हणतीन?"

मी म्हटलं, साहेबांना फोन लावा. तर म्हणे, सरळ काय ते मला फोनवर कोण शिकवणार? झालं. चौकटी उभ्या केल्या आणि पाय काँक्रीटमध्ये पक्के केले.

साहेब आले. ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडलेसुद्धा नाहीत. अंधार पडायला लागल्यावर आम्हाला जुन्या टॉवरवर नेलं, दिवा लावला आणि यांना काचेपुढे उभं केलं.

"सुपडूभाऊ, काय दिसतंय?"

"मनंच तोंड, साहेब."

"आणि धावपट्टी?"

यांनी काचेला कपाळ टेकवून धावपट्टी शोधली. साहेब म्हणाले, "म्हणून आता काच वरून बाहेर कलती ठेवतात. मग काचेत आपलं तोंड येत नाही, वरचं काळं छत येतं, आणि विमान दिसतं."

दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःच छिन्नी घेऊन सगळं फोडलं. काचवाले बिड्या ओढत बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौकटी पुन्हा बसल्या, तिरप्या, अगदी हव्या तशा. काम संपल्यावर रिवाजाप्रमाणे मिस्तरीला टॉवेल-टोपी द्यायला नाव पुकारलं, तर हे पाण्याच्या टँकरमागे जाऊन बसलेले. शेवटी मीच पुढे झाले. त्या टॉवेलची घडी अजून मोडलेली नाही.

परवा एसटीतून जाताना टॉवर दिसला. मुक्ताईनगरचे नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, अभिमनभाऊ सोबत होते. कौतुकाने म्हणाले, "सुपडूभाऊ, तो तुमनाच ना?"

हे दुसऱ्या खिडकीकडे बघत म्हणाले, "नही. मी नव्हतू तठे."

असा राग आला मला! त्या टॉवरची रेती माझ्या डोक्यावरून वर गेली आहे. बोलायला तोंड उघडलंच होतं. पण यांची मान इतकी खाली गेलेली, की मीही म्हणाले, "हो भाऊ, दुसरा मिस्तरी होता."