नऊ दाबा, मी बसलेय

फोन वाजला की आमच्या ऑपरेटरबाई आधी उजव्या कानातली कुडी काढायच्या, मुठीत धरायच्या आणि मगच रिसीव्हर कानाला लावायच्या. समोरचा कितीही घाईत असो, कुडीची फिरकी निघेपर्यंत त्यानं थांबायचं. मग आवाज यायचा, "बोला, ऐकतेय."

आणि त्या खरंच ऐकायच्या. साहेबांना त्रास होता तो त्याचाच. हडपसरच्या आमच्या कचेरीतून पाण्याचे पंप विकले जायचे. जतचा एखादा दुकानदार बिघडलेल्या पंपासाठी फोन करायचा आणि मुलीच्या सोयरिकीवर येऊन थांबायचा. बाकीचे फोन ताटकळत. "अहो बाई, ठेवा आता," अशी मी खूण करायचे. त्या मान डोलवायच्या आणि पलीकडे विचारायच्या, "मग मुलगा काय करतो?"

तुमच्याही कचेरीत अशी एक असेलच.

शेवटी साहेबांनी आपोआप उत्तर देणारी यंत्रणा आणली आणि तिला चार भाषांत बोलती करायचं काम माझ्यावर आलं. तेव्हा मी पंचेचाळिशीची, म्हणजे अगदीच अजाण. त्यातून प्रशासन अधिकारी. साहेब म्हणाले, "महिनाभर बघू. यंत्रावर भागलं तर ऑपरेटरची जागा बंद. बाईंना गोदामात पाठवू."

धुळीनं बाईंचा दमा उसळतो, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं.

"मॅडम, गोदाम म्हणजे ते पत्र्याचं?" त्यांनी मला विचारलं.

"काळाबरोबर बदलायला हवं, बाई," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःला एक चापट मारते. हलकीच, वय झालंय.

मराठी, हिंदी आणि इंग्रजी मी माझ्याच आवाजात भरायचं ठरवलं. कॉलेजात सूत्रसंचालन केलं होतं ना. कन्नडसाठी हिशेब खात्यातल्या विजापूरच्या गृहस्थांना बसवलं. माझं मराठी असं सुरू व्हायचं: "आपण आमच्याशी संपर्क साधून जो स्नेह दर्शवलात, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत." एक दाबायची वेळ येईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. हिंदी तर इतकं शुद्ध, की हिंदी बोलणाऱ्यांनी मराठी पर्याय निवडला असता.

शेवटच्या पर्यायाशी माझा घसा बसला. म्हणून उदार मनानं म्हटलं, "बाई, हे एवढं तुम्ही म्हणा. 'अन्य चौकशीसाठी कृपया नऊ हा अंक दाबावा.'"

बाईंनी सवयीनं कुडी काढली. म्हणाल्या, "आणि यातलं काही कळलं नाही, तर नऊ दाबा. मी बसलेय." मग तेच हिंदीत, तेच फोनवरच शिकलेल्या कन्नडमध्ये. इंग्रजीला म्हणाल्या, "प्रेस नाइन. आय ॲम सिटिंग."

"अहो, असं नाही चालत."

"मग पुन्हा घ्या. पण मी तेच म्हणणार."

यंत्र बसवणारा घड्याळ बघत होता. राहू दिलं.

महिनाअखेर साहेबांनी कोणी काय दाबलं त्याचा अहवाल उघडला. विक्री, दुरुस्ती, हिशेब यांच्या वाट्याला चार चुकार माणसं. बाकी सगळा महाराष्ट्र आणि अर्धा कर्नाटक नवावर. सुट्टीच्या दिवशी निरोप ठेवायची सोयही मी मोठ्या हौसेनं केली होती. तिथे निरोप एकाच धाटणीचे, "बाई नाहीत होय? मग उद्या करतो."

साहेबांनी तेव्हा पहिल्यांदाच माझं स्वागत अथपासून इतिपर्यंत ऐकलं. "हे कोणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेरचं झाड बघत होते. बाईही झाडच बघत होत्या, पण हसू दाबून.

गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही. काही वर्षांनी बाई त्याच खुर्चीवरून रीतसर निवृत्त झाल्या आणि कात्रजला लेकीकडे राहायला गेल्या. जागा भरली नाही. नऊचा फोन माझ्या टेबलावर जोडला गेला.

पहिला फोन कोल्हापूरकडचा.

"बाई?"

"त्या निवृत्त झाल्या."

"आत्ता तर म्हणाल्या, बसलेय."

"ते आधी भरून ठेवलेलं आहे."

"मग तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, खातं सांगितलं, सेवेची वर्षंसुद्धा सांगितली. पलीकडच्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो समजुतीनं म्हणाला, "असू द्या. जमेल हळूहळू."