जोरात बोल, मले ऐकू येत नाही

एखादी बाई दुकानाची पायरी चढून, मान खाली घालून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत काहीतरी पुटपुटली, की आपा उजवा हात कानामागे न्यायच्या आणि म्हणायच्या, "जोरात बोल बेटा, मले ऐकू येत नाही."

नेरला बस स्टँडवरून बाजाराकडे निघालं की बांगड्यांच्या गल्लीत डाव्या हाताला त्यांचं दुकान. बाहेर गाऊन आणि परकर टांगलेले, आत भिंतभर खोके, कोपऱ्यात लोखंडी नळीवर जुन्या चादरीचा पडदा. समोर चहाची टपरी. दुकानाला पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. "बहिऱ्या आपाचं दुकान" म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा.

इतर दुकानांत ब्रा कशी घेतात हे तुम्हीही पाहिलं असेल. काउंटरमागे पुरुष. बाई म्हणते, "ते द्या." तो म्हणतो, "कितीची?" बाई भिंतीकडे पाहून आकडा सांगते. तो खोका काढतो, वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी, तिला गाठ. मी आता पोलिसात आहे. चोरीचा माल इतक्या काळजीनं गुंडाळलेला मी अजून पाहिला नाही.

आपांच्या दुकानातही पूर्वी चाचा, म्हणजे त्यांचे यजमान, हेच करत. पण बाया नेलेला माल परत आणायला लाजतात आणि न बसणारा माल तसाच वापरतात, हे आपांच्या ध्यानात आलं. त्यांनी चाचांना उचलून दारापाशी रिळं, बटणं आणि लेस विकायला बसवलं आणि स्वतः टेप गळ्यात घालून काउंटरमागे उभ्या राहिल्या. मोजल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. घाईत आहे, बस सुटेल, असलं काही चालायचं नाही.

घालून पाहिल्यावर आरशात बघायला त्या सांगत नसत. काम करून दाखवायला लावत. "वरच्या फळीवरचा डबा काढ." हात वर. "आता कापूस वेच." कमरेत वाकायचं. "श्वास घे. सोड. आता खरं सांग, कुठं टोचते?" पाठीकडच्या पट्ट्याखाली त्यांची दोन बोटं जायला हवीत, तिसरं गेलं की माल परत खोक्यात. बांगड्यांच्या गल्लीत एखाद्या पडद्यामागे बायका हवेतला कापूस वेचतायत, हे बाहेरच्याला काय कळणार.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती पोलीस भरतीमुळे.

आमचं गाव नेरपासून बसनं वीस मिनिटं. बुद्धविहारासमोरच्या पटांगणात आम्ही सहा पोरी आणि दहा-बारा पोरं पहाटे पळायचो. शिकवायला एक निवृत्त फौजी सर. पहिल्या भरतीत माझे आठशे मीटर पळण्यातच मार्क गेले आणि मी घरी आले. बाबा चांगले माणूस, पण त्यांनी सांगून टाकलं की आणखी एक भरती दे, नाही झालं तर पाहुणे बोलावतो. पाहुणे म्हणजे कांदेपोहे. मला पळायचं होतं.

दम मला भरपूर होता. गोची हातांची होती. मी पळताना कोपरं पोटाशी धरायची आणि खांदे पुढे ओढायची. सर ओरडायचे, "हात मोकळे सोड, कोपर मागे जाऊ दे." का जात नाही हे त्यांना बहुधा कळलं होतं, कारण हे सांगताना ते नेहमी विहाराच्या कळसाकडे बघायचे. मला तर पक्कं माहीत होतं. मी एकावर एक दोन ब्रा घालून, वर घट्ट शर्ट चढवून पळायची, तरी सगळं हलायचं आणि पटांगणाच्या कडेला रिकामटेकडे बसलेले असायचे.

गंमत बघा. भरतीत पोरांची छाती मोजतात, एकदा न फुगवता आणि एकदा फुगवून. सर पटांगणातच टेप लावायचे, आकडा मोठ्यानं सांगायचे, पोरं एक सेंटिमीटर वाढावा म्हणून अंडी खायची. कोणाची किती भरली हे किराणा दुकानापर्यंत सगळ्यांना पाठ. आमच्या छातीचा आकडा मात्र आमचा आम्हालाच ठाऊक नव्हता.

म्हणजे मला होता, असं मी समजत होते. छत्तीस. शाळेचा ड्रेस, सँडल, स्वेटर, आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घेतात. मी आठवीत असताना आईनं आठवडी बाजारातून पहिली ब्रा आणली तीही वाढत्या अंगाचीच. "पुरंल दोन-तीन वर्सं," म्हणाली. मी वाढले, पण छत्तीसला काही गाठू शकले नाही. पुढं प्रत्येक वेळी छत्तीसच येत राहिली, कारण नंबर ठरला होता.

एका मैत्रिणीनं आपांचं नाव सांगितलं, तेव्हा मी एकटीच नेरला गेले. दुकानात एक जोडपं गाऊन बघत होतं. मी काउंटरला चिकटून म्हणाले, "छत्तीस." हात कानामागे. "जोरात बोल बेटा, मले ऐकू येत नाही." मी पुन्हा म्हणाले. "काय बोलून राह्यली? बत्तीस?" तिसऱ्यांदा मी म्हणाले ते इतक्या जोरात की गाऊनवाल्या बाईचा नवरा छताच्या पंख्याकडे बघायला लागला. दारात चाचांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. कागद हलत होता. म्हातारा मला हसतोय, असं वाटून माझं टाळकं फिरलं.

पडद्यामागे आपांनी आधी खालचा घेर मोजला, मग वरचा. मग टेप गळ्यात टाकून विचारलं, छत्तीस कोणी सांगितली. आईनं. तिला कोणी सांगितली? बाजारवाल्यानं. त्याला? "त्याच्या गठ्ठ्यात जे उरलं, ते तुह्या नशिबी आलं," त्या म्हणाल्या. "तुले बत्तीस लागते. बत्तीस डी."

डी ऐकून मी घाबरलेच. डी म्हणजे जाड बायकांचं काहीतरी असावं, अशी माझी समजूत. आपांनी समजावलं की अक्षर एकटं काही सांगत नाही, ते घेरासोबत वाचायचं. समोरची जागा होती तेवढीच लागणार, फक्त पाठीचा पट्टा सैल होता म्हणून सगळा भार खांद्यावर आणि सगळं हलणार. "झोळी बरोबर होती, दोरी ढिली होती. ढिल्या दोरीत पोर झोपते का?"

मी कशासाठी आले ते तेव्हा सांगितलं. त्यांनी नेहमीचा माल बाजूला केला, पळायची वेगळी येते म्हणाल्या, आणि दारात उभं राहून अमरावतीच्या ठोकवाल्याला मोबाईल लावला. गल्लीत कापसाची गाडी अडकली होती, ट्रॅक्टर धडधडत होता. आपा तिथंच उभ्या राहून त्याच्याशी दहा मिनिटं बोलल्या आणि त्यानं हळूच दुसऱ्या कंपनीचं नाव घेतलं तर तिथल्या तिथं पकडला.

चार दिवसांनी माल आला. मी घातली, तर म्हणतात, "उडी मार." इथं? "मंग काय मैदानावर पाह्यशीन?" मी उड्या मारल्या. फळी दणाणली, बाहेर चाचांचा चहाचा ग्लास वाजला. "आता कोपरं मागं ने. अजून. अजून ने, इथं कोनी पाहून नाही राह्यलं." मी कोपरं मागे नेली. खांदे उघडले. आठवीपासून पहिल्यांदा मी सरळ उभी होते आणि काहीही हलत, टोचत, सरकत नव्हतं. मला रडूच आलं. ब्रा घेताना कोणी रडतं का, सांगा.

"रडू नको," आपा म्हणाल्या, "मापात फरक पडते."

आईला हे काही पटलं नाही. घट्ट घातलं की गाठी होतात, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. शिवाय मी ती वस्तू सरळ दोरीवर उन्हात टाकली, टॉवेलखाली लपवली नाही, यावरून घरात दोन दिवस अबोला. पण माझी धाव बघायला ती एकदा पटांगणावर आली आणि पुढच्या बाजारी म्हणाली, "मलेबी घेऊन चाल एकदा."

जिनं बाबांचं नाव आजवर उखाण्याशिवाय घेतलं नाही, त्या माझ्या आईला आपांनी तिचा नंबर तीनदा विचारला. तिसऱ्यांदा ती बोलली, आणि स्वतःच हसायला लागली. पडद्यामागे मीही होते. आईनं ब्लाउज उतरवला तर दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ, काळे पडलेले. मी तिची मुलगी, मी ते कधी पाहिलेच नव्हते. आपांनी एका वळावर अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. किती वर्षांचं आहे म्हणून विचारलं. आई म्हणाली, लग्नाआधीपासूनचं.

आपा पाठ करून खोके शोधायला लागल्या, तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "बहिरी हाय बिचारी, पन हात मायेचा हाय." आपांचा हात खोक्यावर क्षणभर थांबला. मग त्यांनी खोका काढला.

भरतीच्या दिवशी मैदानावर साहेबांनी छातीवरच्या बिल्ल्याचा नंबर विचारला. मागच्या खेपेला मी तो पुटपुटले होते आणि शिव्या खाल्ल्या होत्या. या वेळी असा सांगितला की साहेब म्हणाले, बाई, मी इथंच उभा आहे. शिट्टी झाली आणि मी कोपरं मागे टाकून पळाले. ब्रामुळे भरती झाले असं मी म्हणणार नाही. पळाले मीच, आणि दोन वर्षं घाम गाळला तोही मीच. पण त्या दिवशी माझे दोन्ही हात पळायला मोकळे होते. यादीत नाव लागलं आणि पाहुण्यांचे पोहे बाबांना एकट्यांना खावे लागले.

पेढे घेऊन गेले तर आपांनी एक पेढा चाचांना दिला, एक स्वतः खाल्ला आणि एवढंच विचारलं, "कोपरं मागं गेली ना?"

मी ट्रेनिंगला असताना आईचा फोन आला की आपा गेल्या. ताप आला, चार दिवस दवाखान्यात होत्या, संपलं. मला सुट्टी मिळाली नाही. चार महिन्यांनी घरी आले तेव्हा आधी नेरला उतरले. दुकान उघडं होतं. दारात चाचा रिळं लावत बसले होते, बरेच वाळलेले. काउंटरमागे त्यांची सून, वयानं माझ्याएवढी, आपांचाच टेप गळ्यात.

तिनं स्टूल दिलं, चहा सांगितला. मी म्हणाले की पहिल्या दिवशी त्यांनी मला किती ओरडायला लावलं होतं, ऐकूच यायचं नाही ना बिचाऱ्यांना.

सून माझ्याकडे बघत राहिली. "कोनाले? अम्मीले?" म्हणाली. "मागं घरात चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं तं अम्मी इथून आवाज देत होत्या."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले.

"म्हनत होत्या, मले ऐकू आलं तं ह्या बाया बोलनारच नाही," सून म्हणाली.

मला तो हलणारा वर्तमानपत्राचा कागद आठवला, ट्रॅक्टर आठवला, खोक्यावर थांबलेला हात आठवला. सगळा बाजार त्यांना बहिरी म्हणत होता. लग्नाकार्यात लोक त्यांच्या कानाशी ओरडत असतील, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्यासमोरच काय काय बोलत असतील. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि एवढी वर्षं चालवून घेतलं. मी पोलीस झाले, पण हे काही मला पकडता आलं नाही. वाईट वाटलं ते याचं की आभार मानायचे राहून गेले, आणि आता जोरात बोलूनही उपयोग नव्हता.

तेवढ्यात पायरीवर एक पोरगी आली. अकरावी-बारावीची, पाठीवर दप्तर, दोन्ही हात छातीवर घडी करून. चाचांकडे तिरकं बघत ती काउंटरला चिकटली आणि काहीतरी पुटपुटली. मला स्टुलावरून स्पष्ट ऐकू आलं. सुनेला त्याहून जवळून आलं असणार.

सुनेनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात कानामागे नेला.

दारात चाचांनी वर्तमानपत्र उचललं. मी भिंतीवरच्या खोक्यांवरची नावं वाचत बसले. तिसऱ्या वेळी त्या पोरीचा आवाज समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला.