घोट्यापर्यंतचे बूट

त्या सकाळी मी कमलच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. गुडघ्यांमुळे बायकोला वाकता येत नव्हतं, म्हणून ते काम दोन वर्षं माझ्याकडंच होतं. ती पलंगावर, मी खाली जमिनीवर. त्या दिवशी पाय बुटात जाईना, नाडी पुरेना.

"वरची दोन भोकं सोडा," ती म्हणाली.

"पाय बघ किती सुजलेत. दवाखान्यात जाऊ आज."

"रविवारी पोरींची मॅच आहे. डॉक्टर ठेवून घेतील. सोमवारी न्या कुठं न्यायचं तिथं. आणि अविनाशला कळवलंत तर बघा."

मी बांधल्या.

कमल निपाणीची. बास्केटबॉलच्या जोरावर तिला बेंगळुरूला सरकारी कारखान्यात नोकरी लागली. मी तिथंच हेल्पर, सातवी नापास. मी तिचं तोंड नंतर बघितलं, आधी पाय. कापडी बूट, घोट्यापर्यंत उंच, तळ सपाट, घोट्याच्या हाडावर गोल चकती. ते बूट बघून माझी आई म्हणाली होती, "पोरगी पोलिसात आहे काय रे?"

रिटायर झाल्यावर ती जे. पी. नगरच्या मैदानात सकाळी मुलींना शिकवायची. एखादी म्हणायची, "अक्का, बस स्वल्प लेट." ही म्हणायची, "सरी, ठीकाय. दहा फेऱ्या मार. बसला पण सांग."

बूट फाटले की पुन्हा तसलेच. अविनाश, आमचा मुलगा, महादेवपुऱ्यात कंप्युटरच्या कामाला, राहायलाही तिकडंच. त्यानं फुगीर तळाचे भारी बूट आणले. दोन दिवस घालून तिनं परत दिले. "गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतंय. पायाखाली जमीन कळायला नको?" पुढं नातच तसले उंच बूट घालून आली, लाल. म्हणाली, "आजी, आता हीच फॅशन आहे." कमल हसली. "फॅशन गावभर हिंडून आली गं. बूट होता तिथंच आहे."

पण त्या बुटांनी घोटा झाकला. सूज मैदानात कुणाला दिसली नाही, तिथं भेटून जाणाऱ्या सुनेलाही नाही. मला दिसत होती, रोज सकाळी. तरी मी ओढून बांधायचो. मैदानात गेली की ती घरी येऊन चार घास खायची, नाही गेली की भिंतीकडं तोंड करून पडायची. तसं पडलेलं मला बघवत नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो. दुसरं काही कारण नाही.

नाडी पुरली नाही, त्याच दिवशी दुपारी तिला श्वास घेता येईना. रिक्षातनं नेलं. संध्याकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, म्हणून पायात पाणी साठत होतं. आधी आणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं. बायका पायांना हळदकुंकू लावायला बसल्या. सुनेचा हात थांबला. जोडवी बोटांत रुतून बसली होती, निघण्यातली नव्हती. तिनं अविनाशला हाक मारली.

त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, आईचे पाय कधीपासून असे होते?"

"तीन आठवडे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बूट मीच बांधत होतो."

तिनंच सांगू नका म्हटलं होतं, ते मी बोललो नाही.