म्हशीच्या नावाची इर्जिक

वामनराव हेडमास्तरांचं ऋण माझ्यावर सगळ्यात मोठं आहे, म्हणून त्यांच्या नावानंच सुरुवात करतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडिलांना मला बैलांमागे लावायचं होतं. वामनराव स्वतः आमच्या शेतात आले, बांधावर बसले आणि वडिलांची समजूत घालून मला घेऊन गेले. नादारी (फीची माफी) त्यांनी मिळवून दिली, कॉलेजचा अर्ज त्यांनी लिहिला, आणि बी. ए. झाल्यावर त्यांच्याच हायस्कुलात मला नोकरी लागली तीही त्यांच्या शब्दावर. आता ते निवृत्त होऊन नागपुरास मुलाकडे राहतात. पण शाळेचं पान अजून त्यांच्याशिवाय हलत नाही.

वरच्या वर्गांतल्या मुलांचं सेवापथक काढावं, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी एखाद्या खेड्यात राहून अंगमेहनतीचं काम करावं, ही कल्पना त्यांचीच. त्यांच्याच ओळखीनं किन्हीराजा हे गाव ठरलं. तिथलं ढोरांचं तळं गाळानं भरलं होतं, ते मृगाच्या आधी उपसायचं होतं. पालक मात्र तयार होईनात. तेव्हा वामनरावांनी घरोघर पत्रं पाठवून शब्द दिला, की मुलं आपला शिधा नेतील, आपल्या हातानं रांधतील आणि वाटेत वा गावात कोणाच्याही घरचं अन्न तोंडात घालणार नाहीत. पथकातली निम्मी मुलं ब्राह्मणांची आणि सावकारांची होती. या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळला, बोलून कोणी दाखवला नाही. मुलं माझ्या हवाली झाली.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून आम्ही कारंजाच्या छोट्या गाडीत बसलो. मला प्रवासात एका जागी बसवत नाही. मुलं मोजावी, पिठाची पोती मोजावी, पुन्हा मुलं मोजावी, असं चाललं होतं. एकदा मोजताना वकिलांचा गजानन कमी भरला. खिडकीतून पाहतो तर हा धावत्या गाडीच्या बाजूनं चालतो आहे!

"गजानन, वर ये आधी!"

"सर, घाबरू नका. गाडी सुटली तर मी पुढे जाऊन स्टेशनावर तिची वाट पाहीन."

समोरच्या बाकावर एक म्हातारी टोपलं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "हे पोट्टे तुमचे व्हय?"

"शाळेचे आहेत, आजी."

"तरीच," ती म्हणाली आणि टोपलं माझ्यापासून जरा दूर सरकवलं.

कारंजाला धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी मंगरूळपीरची मोटार धरली. वैशाखाचं ऊन लवकर चढतं. दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळून पडलेली, मधूनच एखादा कडुनिंब, त्याच्या सावलीत अंग चोरून उभी असलेली गुरं. अर्ध्या वाटेत मोटारीच्या नाकातून वाफ निघू लागली. ड्रायव्हरनं उतरून आमची पाण्याची भांडी न विचारताच तिच्यात ओतली.

"अहो, मुलांना प्यायला काय?" मी ओरडलो.

"मास्तर, पोरायची तहान दम धरते. इची नाही धरत."

मंगरूळपीरला दर्ग्याजवळ युसूफच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे. युसूफ आमच्या पथकातला सगळ्यात धिप्पाड मुलगा. आमच्या गावी चुलत्याकडे राहून शिकतो. त्याचे वडील आमची वाट पाहत होते. दुकानासमोर पाणी शिंपडून सतरंजी घातली होती आणि परातीत खरबुजाच्या फोडी रचून ठेवल्या होत्या. मुलं तहानेनं कासावीस झालेली. मी मात्र परातीसमोर हात जोडून उभा राहिलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरबूज मी नाही पिकवलं, मास्तर. उपरवाल्यानं पिकवलं. मी फक्त सुरी चालवली."

"शब्द दिलेला आहे, चाचा. माझा नाही, आमच्या गुरूंचा आहे."

ते रागावले नाहीत. परात आत नेली आणि न कापलेली खरबुजं आणून ठेवली. अखंड फळाला विटाळ नसतो, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. युसूफनं ती पुढच्या वाटेसाठी ठरवलेल्या बंडीत (बैलगाडीत) एकेक करून ठेवली आणि गाव मागे पडेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मी शब्द पाळला होता, तरी बंडीत मला बसवेना. शेलूबाजारच्या वाटेवर बराच वेळ मी धुरळ्यातून पायीच चाललो.

दिवस कलताना किन्हीराजा आलं. बरड टेकड्यांच्या कुशीत गाव, शाळेची ओसरी आमच्यासाठी झाडून ठेवलेली, आणि ओसरीपुढे किसन पाटील उभे. रुंद मिशा, पण आवाज मऊ.

"या, मास्तर. हातपाय धुवा. जेवाची तयारी झाली हाये आमच्या घरी."

मी शब्दाची गोष्ट सांगितली. पाटलांचा चेहरा उतरला.

"काहून? आमच्या घरी भाकरीत विष कालवते काय?"

"तसं नाही, पाटील. गावावर भार नको म्हणून."

"भार!" एवढंच म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तळ्यात उतरलो. मधोमध थोडं हिरवं पाणी, कडेला वाळून दगड झालेला गाळ. गावकरीही कामाला येतील असं ठरलं होतं. आले खरे, पण निंबाखाली बसले. मुलांनी कुदळी मारल्या, हाताला फोड आले, गाळाचे टवके उडाले. सावलीतलं बोलणं आमच्यापर्यंत स्पष्ट पोचत होतं.

"सायबानं धाडलं असन."

"अबे, सायब कायले धाडते? खाली हंडा हाये सोन्याचा. पाह्यजो, मास्तर तो घेऊन कसा लंबा होते एक दिवस."

"त्या गोऱ्या पोट्ट्याची कुदळ पाह्य. जमीन खणून राह्यला का जमिनीले खाजवून राह्यला?"

तो गोरा पोट्टा म्हणजे गजानन. त्यानं कुदळ टाकली नाही, पण डोळे भरून आले. दुपारी त्यानंच भाकरी थापल्या. त्या बाहेरून करपल्या, आतून पीठच राहिल्या. सगळ्यांनी खाल्ल्या, कोणी तक्रार केली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

दोन दिवस असे गेले. एवढ्या मुलांनी खणलेला खड्डा म्हैस बसून उठावी एवढा दिसत होता. मुलं आपसांत परतीचं बोलू लागली. अशीच हात हलवत परतली असती, तर सेवापथकाचं नाव पुन्हा कोणी काढलं नसतं. संध्याकाळी मी पाटलांच्या ओट्यावर गेलो आणि सरळ विचारलं, "आमचं चुकलं कुठं?"

पाटलांनी पानाचा डबा पुढे केला. मी पान घेतलं नाही, तेव्हा ते हसले.

"हे असं. मास्तर, आमच्या गावात फुकट काम दोनच माणसं करते. एक बिगारी. त्याले सरकार धरून नेते. दुसरा, इर्जिकीले येते तो." (इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सगळं गाव आपणहून जातं, मोबदला एकच, त्या घरचं जेवण.) "इर्जिकीवाला ज्याचं काम, त्याच्या घरी जेवते. बिगारी आपली भाकर घरून आणते. तुमी भाकर घरून आणली. मंग लोकायनं तुमाले काय समजावं?"

मी शेतकऱ्याचा मुलगा. इर्जिकीचं जेवण लहानपणी मीही जेवलो होतो. तरी ही साधी गोष्ट मला दुसऱ्यानं सांगावी लागली.

"मग तळ्याची इर्जिक करा," मी म्हणालो.

"तळं कोणाचं? सगळ्यायचं. म्हंजे कोणाचंच नाही. घरधनी नाही त्या इर्जिकीत जेवाले कोण घालन?"

ओट्याखालून म्हैस हाकत एक बाई चालली होती. सारजाबाई तेलीण, दूध विकून राहणारी विधवा. ती तिथंच थांबली.

"पाटील, त्या तळ्यात सगळ्यात जास्त कोण लोळते?"

"तुही म्हैस."

"मंग इर्जिक माही. उद्या रोडग्यायचं जेवन!"

ओट्यावर एकच हशा पिकला. एक जण म्हणाला, "सारजे, म्हशीले ईचारलं का?" ती म्हणाली, "ईचारलं. ते म्हने, तुह्यावानी रिकामटेकडे सोडून सगळ्यायले बोलाव." मग ती माझ्याकडे वळली आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

"पण एक आयका, मास्तर. हे पोट्टे जेवले तं गाव येते. नाही जेवले तं नाही येत. आता तुमीच सांगा."

नागपूरला पत्र जाऊन उत्तर यायला आठवडा लागला असता. सकाळी उत्तर हवं होतं. मी तळ्याच्या काठानं किती फेऱ्या घातल्या ते आठवत नाही. ज्या माणसानं मला बांधावरून उचललं, त्याचा शब्द मोडायचा, तोही पाठीमागे. नाहीतर मुलांना बिगारी ठरवून परत न्यायचं. अंधार पडल्यावर सारजाबाईंना होकार कळवून मी ओसरीवर आलो आणि मुलांना सांगितलं, "उद्या सारजाबाईंकडे जेवायचं आहे."

गजाननानं विचारलं, "सर, घरी काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. सरांनी जेवा म्हटलं, म्हणून जेवलो."

दुसऱ्या दिवशीचं तळं मी विसरणार नाही. माणसं, बायका, बैल, बंड्या. कुदळींचा आवाज टेकडीवर आपटून परत येत होता. काल टवाळी करणारेच गजाननाच्या मागे उभे राहून शिकवत होते, "हात नको मारू बापू, कंबर मार!" भरलेल्या टोपल्या हातोहात वर जात होत्या आणि गाळाच्या बंड्या शेतांकडे निघत होत्या. काठावर गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजत होते. दुपारी ते फोडून वर तूप, वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. सगळ्यांची एकच पंगत. युसूफ सवयीनं टोकाला बसला.

"तू कोणाचा रे?" सारजाबाईनं वाढता वाढता विचारलं.

"मंगरूळच्या चुडीवाल्याचा."

"आन् रिकाम्या हातानं आला? मेहनत करतं म्हनून खाऊ घालून राह्यली, नाहीतर उठवलं असतं!" तिनं त्याच्या पत्रावळीत आणखी एक रोडगा टाकला. मंगरूळ सोडल्यापासून युसूफ पहिल्यांदा हसला.

तळ्याच्या पल्याड महारवाड्यातली माणसं सकाळपासून खणत होती, आमच्याहून जास्त. त्यांचे रोडगे वेगळ्या टोपल्यात घालून तिकडे गेले. गजाननानं हळूच विचारलं, "सर, पंगत एक म्हणता, मग ते तिकडे का?" हातातला घास मी पत्रावळीत परत ठेवला.

पुढचे दिवस असेच गेले. कधी पाटलांकडे, कधी आणखी कोणाकडे. जेवू घालायला घरंच चढाओढ करू लागली. तळं खोल झालं. निघायच्या सकाळी बंड्या जुंपत असताना पल्याडच्या महारवाड्यातला लक्ष्मण माझ्याजवळ आला. अंतर राखून उभा राहिला.

"मास्तर, आमच्याकडची हीर (विहीर) बुजली हाये. आमी इर्जिक घातली, तं येसान काय? जेवन आमच्या घरचं."

मुलं ऐकत होती. पाटील ऐकत होते. सारजाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. मी म्हणालो, "येऊ. दिवाळीच्या सुट्टीत."

परतीच्या प्रवासात मुलं गात होती. मला मात्र बंडीत, मोटारीत, गाडीत कुठंच स्थिर बसवलं नाही. जाताना मला काळजी होती की मुलं गावाच्या उपयोगी पडतील की नाही. येताना वाटत होतं, उपयोगी पडणं त्यामानानं सोपं आहे. ज्याच्यासाठी राबायचं त्याच्या दारात हात पसरून बसणं अवघड, आणि नेमकं तेच आम्ही नियम करून बंद केलं होतं.

गजाननानं घरी पोचताच गाठोडं खाली ठेवायच्या आत रोडग्यांचं वर्णन केलं. संध्याकाळी वकीलसाहेब माझ्या खोलीवर आले. "वामनरावांचा शब्द तुम्ही मोडलात. मी त्यांना कळवणार," एवढंच बोलून उभ्याउभ्याच गेले. दिवा लावून मी लिहायला बसलो. ते पत्र असं:

"तीर्थस्वरूप वामनराव यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

किन्हीराजाचं तळं उपसून झालं. सगळी मुलं सुखरूप आहेत. आपण पालकांना दिलेला शब्द मी मोडला. मुलं गावातल्या घरी जेवली. मी सांगितलं म्हणून जेवली, त्यांच्याकडे दोष नाही. पालक आपल्याकडे तक्रार करतील. त्यांना माझं नाव सांगावं.

मी हे क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. आपण मुलांना सेवा शिकायला पाठवलं. ज्याच्या हातचं आपण खात नाही, त्याच्या अंगणात कुदळ घेऊन उभं राहण्याला ते लोक सेवा म्हणत नाहीत, बिगार म्हणतात. त्यांचं खरं आहे असं मला वाटतं. तो नियम आपण काढून टाकावा, अशी विनंती आहे. तो राहिला तर पथक दुसऱ्या कोणाकडे द्यावं. माझ्या हातून तो पुन्हा पाळला जाणार नाही.

आणखी एक. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या महारवाड्याची विहीर उपसायची आहे आणि जेवायला त्यांच्याच घरी बसायचं आहे. युसूफ येतो म्हणाला. गजानन वडिलांना विचारणार आहे. काय होईल ते सांगता येत नाही. कोणी आलं नाही तरी मी जाईन. या गोष्टीला होकार मी तिथंच, उभ्याउभ्या देऊन आलो. विचारायला सवड असताना आपल्याला विचारल्यावाचून मी काही कबूल करण्याची ही पहिलीच वेळ आहे.

आपला आज्ञाधारक,
सदाशिव"